दुखत नाही म्हणून कळत नाही

गावातल्या आशाताईंना ‘हाडे ठिसूळ होणे म्हणजे काय?’ असे विचारले, की बहुधा उत्तर येते, “गुडघे दुखतात ना, तेच. कॅल्शिअम कमी पडते.” आपल्यापैकीही अनेकजण हेच सांगतील. पण यात दोन आजारांची सरमिसळ आहे. गुडघेदुखी बहुधा सांध्यातील कूर्चा झिजल्याने होते. हाडांचा ठिसूळपणा, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, मात्र दुखत नाही. हाड आतून विरळ होत जाते. न्हाणीत पाय घसरण्याचे निमित्त होते, मनगट किंवा खुबा मोडतो आणि मग ते उघडकीस येते. कधी मणके दबून आजीची उंची कमी होते, पाठीला बाक येतो आणि आपण म्हणतो, वय झाले.

दुखणे हीच खूण धरली, तर जिला खरा धोका आहे ती बाई आशाताईंच्या नजरेत येतच नाही.

हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. जुना भाग विरघळवणाऱ्या आणि नवा घालणाऱ्या पेशी त्यात आयुष्यभर काम करतात. किशोरवयात भर सर्वांत वेगाने पडते, तिशीच्या सुमारास साठा भरलेला असतो, पुढे घट सुरू होते. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक विरघळवणाऱ्या पेशींना लगाम घालते. पाळी कायमची थांबली की तो सुटतो आणि पुढची काही वर्षे झीज झपाट्याने होते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये ऐन तिशीत काढली गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. अशा शस्त्रक्रियेत दोन्ही बीजकोषही काढले, तर इस्ट्रोजेन एकदम घटते आणि हाडांची उतरण दहा-पंधरा वर्षे आधीच सुरू होते. गावात कोणाची ही शस्त्रक्रिया झाली, हे आशाताईंइतके कोणाला ठाऊक असणार! त्याचा हाडांशी असलेला संबंध मात्र त्यांना सांगायला हवा.

त्यांच्या कामात कॅल्शिअम येते ते मुख्यतः गरोदर बाईच्या गोळ्यांच्या रूपात. त्यामुळे ते औषध वाटते, अन्न वाटत नाही. प्रौढाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शिअम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तेवढ्याच ज्वारीत त्याच्या दहावा हिस्साही नसतो. दूध-दही, तीळ, काट्यांसकट खाल्ली जाणारी छोटी मासळी हेही चांगले स्रोत.

हे कॅल्शिअम आतड्यातून नीट शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते. त्यासाठी ‘कोवळे ऊन घ्या’ असे सर्रास सांगितले जाते, पण ते फारसे उपयोगी नाही. सूर्य खाली असताना किरणांना वातावरणातून लांबचा प्रवास करावा लागतो आणि त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण वाटेतच शोषले जातात. शाळेच्या मैदानावर मुलांना आपापली सावली मोजू द्या. सावली उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचे ऊन कामाचे. उघड्या हातापायांवर थोडा वेळ पुरे. भर उन्हाळ्यात उगाच तापत उभे राहू नये. आणि खिडकीच्या काचेआड बसून उपयोग नाही, कारण काच हे किरण अडवते.

राहिला व्यायाम. दोरीवरच्या उड्या, खो-खो, लंगडी यांत हाडांना बसणारे हादरेच त्यांना भर घालायला लावतात. आठवी-नववीत, हाडे भरण्याच्या ऐन काळात, बऱ्याच मुलींचे हे खेळ सुटतात. आशाताई या मुलींना भेटतात, पण बोलणे होते ते बहुतेक रक्तक्षय आणि पाळीच्या स्वच्छतेबद्दल.