शर्यतीच्या मोटारीचे कोडे

विद्यार्थ्यांनो, शर्यत जिंकावयाची तर वेग हवा, हे कोणीही सांगेल. परंतु तो वेग नेमका कोठे वाढवावा, असे विचारले तर भलेभले गोंधळतात. लातूरच्या शाळेत शिकवीत असताना मी वर्गात एक कोडे घालीत असे. तुम्हीही ते सोडवून पाहा.

शर्यतीचा एक मार्ग चार किलोमीटर लांब आहे. त्यातील दोन किलोमीटर सरळ आहेत व दोन किलोमीटर वळणावळणांचे आहेत. सरळ भागात मोटार ताशी १२० किलोमीटर वेगाने धावते; वळणांच्या भागात मात्र ताशी ६० किलोमीटरच वेग राखता येतो. मालकाकडे दोन कारागीर येतात. पहिला म्हणतो, "मी इंजिन अधिक शक्तिमान करीन, सरळ भागातील वेग १२० वरून १६० होईल." दुसरा म्हणतो, "मी इंजिनाला हात लावणार नाही. मोटारीची ठेवण बदलीन. वळणांवरील वेग ६० वरून ८० होईल." मालकाजवळ एकाच कामापुरते पैसे आहेत. त्याने काम कोणाला द्यावे?

बहुतेक मुले पहिल्याचीच निवड करीत. चाळीस हे विसापेक्षा मोठे, हा त्यांचा हिशेब! एकदा मात्र मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "गुरुजी, शर्यतीत वेग मोजतात की वेळ?" कोड्याची किल्ली तिला सापडली होती.

आता वेळ मोजू. प्रारंभी सरळ भागास एक मिनिट व वळणांस दोन मिनिटे लागत. पहिल्या कारागिराच्या सुधारणेने सरळ भाग ४५ सेकंदांत संपेल. म्हणजे १५ सेकंद वाचतील. दुसऱ्याच्या सुधारणेने वळणे ९० सेकंदांत संपतील; म्हणजे ३० सेकंद वाचतील. वेगातील वाढ निम्मी, पण लाभ दुप्पट! कारण जेथे गती मंद, तेथेच अधिक वेळ खर्च होतो.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे २०११ साली फॉर्म्युला वन शर्यत झाली. तीत सेबास्टियन व्हेटेल याने ५.१२५ किलोमीटरांची फेरी ८७.२४९ सेकंदांत पुरी केली. सरळ भागात या मोटारी ताशी ३०० किलोमीटरांच्या पुढे जात. तरी या फेरीची सरासरी ताशी सुमारे २११ किलोमीटरच भरते. उरलेला वेग वळणांनी खाल्ला.

म्हणूनच अशा मोटारीची रचना वळणांचा विचार करून केलेली असते. कडब्याने उंच भरलेली बैलगाडी वळणावर कलंडते, हे तुम्ही जाणता. म्हणून शर्यतीची मोटार बुटकी व रुंद असते. तिला पंखही असतात. विमानाचे पंख विमानास वर उचलतात. हे पंख उलट ठेवणीचे असल्याने मोटारीला खाली दाबतात. त्यामुळे चाके रस्ता घट्ट धरतात. या पंखांना हवेचा अडथळा होऊन सरळ मार्गावर वेग थोडा घटतो खरा. पण वळणांवर होणारा लाभ त्याहून मोठा असतो.

मुंबईच्या आय. आय. टी. मधील विद्यार्थ्यांनी विजेवर चालणारी शर्यतीची मोटार बांधून ती इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत नेली आहे. अशा स्पर्धेत ७५ मीटरांची सरळ धाव असते, तशीच जोडून आखलेल्या दोन वर्तुळांभोवती फिरण्याचीही परीक्षा असते.

शेवटी आणखी एक कोडे. समजा, नांदेडहून लातूरकडे निघालेल्या मोटारीला १२० किलोमीटर जावयाचे आहे. रस्ता खराब असल्याने पहिले ६० किलोमीटर ती ताशी ३० च्या वेगाने गेली. संपूर्ण प्रवासाची सरासरी ताशी ६० पडावी, यासाठी उरलेले अंतर तिने किती वेगाने तोडावे? उत्तर देण्यापूर्वी घड्याळाकडे पाहा. ठरलेले दोन तास तर अर्ध्या वाटेतच संपले! आता कोणताही वेग पुरा पडणार नाही. गेलेला वेळ भरून काढण्यासाठी मोटार भरधाव सोडणाऱ्यास वेळ मिळत नाही, अपघात मात्र मिळू शकतो. त्यापेक्षा घरून लवकर निघणे बरे.