लेकरू सोपवण्याआधी

बैलाच्या बाजारात गेलेला शेतकरी काय करतो? तो बैलाचे दात पाहतो. खूर पाहतो. चार पावले चालवून बघतो. विकणाऱ्याला विचारतो, "कुणाच्या दावणीला होता? मारका तर नाही ना? मग विकता कशापायी?" एवढे झाल्यावाचून तो पैसे मोजत नाही.

आता दुसरी गोष्ट पाहा. सकाळी दारात शाळेची गाडी येते. आपण लेकराला आंघोळ घालतो, डबा देतो आणि गाडीत बसवून देतो. गाडी तालुक्याच्या खाजगी शाळेत जाते. ती चालवणारा माणूस कोण? शाळेतला शिपाई कोण? झाडलोट करणारा कोण? नवे मास्तर याआधी कुठे होते, तिथून का निघाले? आपल्याला यातले काहीच ठाऊक नसते. बैलासाठी जी चौकशी केली, ती लेकरासाठी करायची राहून गेली.

"आपण कोण विचारणारे? मास्तरांना वाईट वाटेल," असे पुष्कळांना वाटते. पण हे विचारणे म्हणजे कुणाचा अपमान नव्हे. कायद्यानेच ते शाळेवर बंधन घातले आहे.

कायदा काय सांगतो?

लहान मुलांवर होणारे लैंगिक अत्याचार थांबावेत म्हणून आपल्या देशात 2012 साली एक कायदा झाला. त्याला पोक्सो कायदा म्हणतात. अठरा वर्षांच्या आतील प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो लागू आहे. त्या कायद्याखाली 2020 साली नवे नियम झाले. शाळा, पाळणाघर, खेळाची शिकवणी, अशा मुलांच्या प्रत्येक ठिकाणी काम करणाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी झाली पाहिजे, असे त्यांत सांगितले आहे. शिकवणारा असो की न शिकवणारा, कायमचा असो की ठेक्यावरचा, कुणालाही सूट नाही. शाळा सरकारी असो की खाजगी, नियम एकच. आणि पडताळणी एकदा करून भागत नाही. ठरावीक काळाने ती पुन्हा करायची असते.

पडताळणी म्हणजे काय?

कामाला लागणाऱ्या माणसाने आपला फोटो, ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा देऊन पोलिसांकडे अर्ज करायचा. महाराष्ट्रात हा अर्ज पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येतो. मग पोलीस आपली दप्तरे तपासतात. या माणसावर कुठे गुन्हा नोंदला आहे काय, ते पाहतात आणि तसा दाखला देतात. याला चारित्र्य पडताळणीचा दाखला म्हणतात.

लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या लोकांची एक देशभराची नोंद 2018 सालापासून ठेवली जाते. परंतु ती पोलिसांनाच पाहता येते. तुम्हाआम्हाला नाही आणि शाळेलाही नाही. म्हणून "आम्ही माणूस ओळखतो," एवढे शाळेने म्हणून चालत नाही. दाखला पोलिसांचाच हवा.

बदलापूरला काय झाले?

ऑगस्ट 2024 मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे एका खाजगी शाळेत बालवर्गातील दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. आरोप होता तो सफाईच्या कामावरील माणसावर. तो ठेक्यावर आलेला होता आणि त्याच महिन्यात कामाला लागला होता. तक्रार नोंदवण्यासाठी आईबापांना तासन्‌तास थांबावे लागले. लोक खवळले. 20 ऑगस्टला त्यांनी रेल्वे रोखून धरली. दुसऱ्याच दिवशी सरकारने आदेश काढला. शाळांनी कॅमेरे बसवावेत आणि कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी, असे त्यात बजावले. ठेकेदाराने पाठवलेल्या माणसांचाही त्यात समावेश आहे.

आपण बहुधा मास्तरांची चौकशी करतो. झाडणाऱ्याकडे आणि गाडीवाल्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. पण लेकरू त्यांच्याही हाती असतेच.

दाखला म्हणजे चाळण

दाखला मिळाला म्हणजे निश्चिंत झोपावे काय? नाही. दाखला ही चाळण आहे. चाळणीत मोठे खडे अडकतात, बारीक निसटतात. ज्याने गुन्हा केला पण ज्याच्यावर कधी तक्रारच झाली नाही, त्याचा दाखला कोराच येणार. म्हणून शाळेने आधीच्या ठिकाणी फोन करून विचारावे, "यांनी काम का सोडले?" एका मुलाला एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत ठेवू नये. लहान मुलींना संडासाला नेण्याचे काम बाईमाणसाकडेच द्यावे.

चाळणीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. बांधाच्या भांडणात एखाद्यावर खटला झालेला असतो. कुणी कोर्टातून निर्दोष सुटलेला असतो. तेवढ्यावरून गरिबाची भाकरी काढून घेऊ नये. गुन्हा कोणता, त्याचे पुढे काय झाले, हे पाहूनच ठरवावे. गावगप्पांवरून कुणाला गुन्हेगार म्हणू नये.

सभेत विचारा

समजा, शाळेत पालकांची सभा आहे. एका आजीने उठून विचारावे, "बाई, राग मानू नका. नवा गाडीवाला आलाय म्हणतात. त्याचा पोलिसांचा दाखला घेतला का?"

चांगल्या मुख्याध्यापिका म्हणतील, "राग कसला, आजी! घेतलाय. झाडणाऱ्या मावशींचा नि माझासुद्धा आहे."

आणि उत्तर आले, "ठेकेदाराला ठाऊक," तर सगळ्यांनी मिळून लेखी मागणी करावी. तिची एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवावी.

मूल काही सांगू लागले तर

मूल शाळेत जायला एकाएकी भिऊ लागले, दुखते म्हणाले, कुणाचे नाव घेऊन रडू लागले, तर त्याला दटावू नका. जवळ घ्या आणि ऐका. "लोक काय म्हणतील?" म्हणून झाकून ठेवू नका. 1098 या क्रमांकावर फोन करता येतो, किंवा सरळ पोलिसांत जावे. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो. तो घेणाऱ्या पोलिसाने गणवेश घालायचा नसतो. मुलाचे नाव वर्तमानपत्रात छापता येत नाही.

असा प्रकार कळूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा शाळेच्या प्रमुखाने दडपला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेच्या नावाला बट्टा लागेल म्हणून गप्प बसण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

बैल मारका निघाला तर परत करता येतो. लेकराच्या मनाला झालेली जखम परत करता येत नाही. म्हणून पुढच्या सभेला जा आणि विचारा. आता तुम्हाला वाचता येते. दाखला मागा आणि स्वतः वाचून पाहा.