खरेदीवरचा कर: खर्च की येणे?

रात्री दुकान बंद झाले की घरी बिलांची पिशवी उघडते. मुलगी आकडे वाचते, वडील वहीत उतरवतात. रंगाच्या डब्यांचे १,१८,००० रुपयांचे बिल निघते आणि 'खरेदी १,१८,०००' अशी एकच ओळ पडते. अनेक छोट्या दुकानदारांचा हिशेब चुकतो तो इथेच!

ही सवय जुनी आहे. विक्रीकराच्या काळात पुष्कळ मालावरचा कर पहिल्याच विक्रीला लागे आणि पुढे किमतीत मुरून जाई. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी व्हॅट आला, तर १ जुलै २०१७ रोजी देशात जीएसटी. आता नोंदणीकृत दुकानदाराला खरेदीवरचा कर हा खर्च नाही; ते सरकारकडचे येणे आहे. म्हणून वहीत दोन ओळी हव्यात: खरेदी १,००,००० आणि १८ टक्के दराने कर १८,०००.

समजा, हाच माल १,२०,००० रुपयांना विकला. गिऱ्हाइकाकडून कर घेतला २१,६०० रुपये. त्यातून आधी दिलेले १८,००० वजा करून सरकारला भरायचे फक्त ३,६००. दुकानाचा खर्च सोडला तर नफा २०,००० रुपये.

मात्र ही वजावट आपोआप पदरात पडत नाही. पुरवठादाराने ते बिल स्वतःच्या विवरणपत्रात दाखवायला हवे. तरच ते खरेदीदाराच्या 'जीएसटीआर-२बी' या तक्त्यात उतरते. १ जानेवारी २०२२ पासून, तिथे नोंद नसेल तर वजावट नाही. मग पूर्ण २१,६०० रुपये भरावे लागतात आणि वीस हजारांच्या नफ्यातले हाती उरतात जेमतेम २,०००!

यावर उपाय सोपा आहे. बिलावर आपला जीएसटी क्रमांक बरोबर आहे ना, हे माल उतरवतानाच पाहावे. दर महिन्याला वही आणि तक्ता शेजारी ठेवून ताळा घ्यावा. नोंद राहिली असेल, तर पुरवठादाराला लगेच कळवावे. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, पण वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले नसेल तरच, राहिलेली वजावट घेता येते. पुरवठादाराचे पैसेही १८० दिवसांत चुकते करावेत. नाहीतर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते.

कंपोझिशन योजनेतल्या किंवा नोंदणी नसलेल्या दुकानदाराला मात्र ही वजावट मिळत नाही. त्याने खरेदीवरचा कर मालाच्या किमतीतच धरावा आणि मगच विक्रीचा भाव ठरवावा.

तेव्हा आज रात्री पिशवी उघडली, की पहिल्याच बिलाच्या दोन ओळी कराव्यात.