मेसचं ताट आणि कॉम्प्युटरचा हिशेब

होस्टेलवर राहणाऱ्या माणसाला दोन विषयांवर बोलायला कसलीही तयारी लागत नाही. एक क्रिकेट आणि दुसरा मेस. वरण पातळ आहे, भाजीत बटाटाच जास्त आहे, पोळी थंड आहे, हे सगळं बोलून झालं की शेवटी गाडी एकाच प्रश्नावर येऊन थांबते, "काका महिन्याला किती कमावत असतील बे?"

मागच्या सत्रात हा प्रश्न जरा जास्तच तापला. आमच्या मेसचे काका म्हणाले की महिन्याचे २४०० रुपये आता परवडत नाहीत, २७०० करावे लागतील. झालं! सगळे पोट्टे भडकले. कोणी म्हणे मेस बंद करू, कोणी म्हणे सरांकडे जाऊ. आम्ही चौघांनी ठरवलं की इंजिनिअरिंगला आलो आहोत, तर आरडाओरडा करण्यापेक्षा हिशेबच मांडू. खरं सांगायचं तर इरादा काही फार उदात्त नव्हता. काकांची चोरी पकडायची होती. काकांनी मात्र बिलं आणि वही सरळ पुढ्यात ठेवली. म्हणाले, "पाहून घ्या बाबू, मी काई लपवत नाई."

त्या हिशेबातून आम्ही जे शिकलो, तेच या लेखात सांगतो. आकडे सोयीसाठी थोडे गोल केले आहेत. तुम्ही आपल्या बाजारातले भाव घालून पाहा.

स्प्रेडशीट म्हणजे काय?

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल चालतं, नाहीतर फुकट मिळणारं लिब्रेऑफिस कॅल्क चालतं. स्प्रेडशीटचा जन्मच मुळी असल्या हिशेबासाठी झाला. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनच्या लक्षात आलं की फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात. हे काम कॉम्प्युटरने करावं म्हणून त्याने बॉब फ्रँकस्टनबरोबर व्हिजिकॅल्क तयार केलं. ते १९७९ मध्ये ॲपल टू या संगणकावर आलं. पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३ आणि १९८५ मध्ये एक्सेल आलं. मूळ कल्पना आजही तीच आहे. एक आकडा बदला, बाकीचे आपोआप बदलतील.

आम्ही तीन पानं केली. पहिल्या पानावर फक्त भाव : तांदूळ, डाळ, तेल, कणीक, भाजी. दुसऱ्या पानावर एका वेळच्या जेवणाला काय किती लागतं ते. तिसऱ्यावर गॅस, मजुरी, भाडं यांसारखे महिन्याचे खर्च. भाव एकाच जागी ठेवायचा आणि बाकी ठिकाणी तिथूनच उचलायचा, हा पहिला नियम. नाहीतर तेलाचा भाव वाढला की तो पंधरा जागी बदलावा लागतो, आणि त्यातल्या दोन जागा हमखास राहून जातात.

उतारा : गोंदियावाल्यांना हे वेगळं सांगायला नको

दुसरी गोष्ट म्हणजे उतारा. आपला जिल्हा धानाचा. इथल्या कोणत्याही राईस मिलमध्ये विचारा, एक क्विंटल धानातून एक क्विंटल तांदूळ निघतो का? तूस जातं, कोंडा जातो, कनकी वेगळी होते. सरकारी धानाच्या भरडाईत क्विंटलमागे ६७ किलो कच्चा तांदूळ धरतात, उसना असेल तर ६८ किलो. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. म्हणून कोणी तांदूळ २३ रुपये ६९ पैसे किलोने पडला म्हणेल, तर मिलवाला हसेल. २३६९ ला ६७ ने भागा, ३५ रुपये ३६ पैसे येतात. भरडाईचा आणि वाहतुकीचा खर्च पुढे, कोंडा-कनकी विकून आलेले पैसे वजा.

जे धानाचं, तेच भाजीचं. आम्ही पाच किलो फुलकोबी आणली, पानं आणि दांडे काढून पुन्हा काट्यावर ठेवली. उरली २ किलो ९०० ग्रॅम! म्हणजे उतारा ५८ टक्के. सालं काढलेल्या बटाट्याचा ८५ टक्के आला. साठ मुलांना माणशी ८० ग्रॅम निवडलेली फुलकोबी द्यायची तर ४.८ किलो लागते, पण विकत घ्यावी लागते जवळपास ८.३ किलो. सूत्र सोपं आहे : लागणारं वजन भागिले उतारा, गुणिले भाव. हा भागाकार आम्ही पहिल्यांदा विसरलो होतो, तेव्हा कोबी-बटाट्याचा खर्च २८२ रुपये आला. तो घातल्यावर ४३७ झाला. एका वेळच्या एका भाजीत १५५ रुपयांचा फरक! आणि आम्ही म्हणत होतो की काकांचं भाजीचं बिल फुगवलेलं आहे.

एका ताटाची किंमत

साठ मुलांच्या एका वेळच्या जेवणाचा हिशेब असा आला :

तांदूळ ६ किलो, ५० रुपयांनी : ३००
तूर डाळ २.४ किलो, १३० रुपयांनी : ३१२
कणीक ६ किलो, ३६ रुपयांनी : २१६
फुलकोबी ८.३ किलो, ४० रुपयांनी : ३३१
बटाटे ४.२ किलो, २५ रुपयांनी : १०६
तेल १ किलो : १५०
कांदा, टमाटर, लसूण, मिरची, सांभार : १२०
मसाला, मीठ वगैरे : ६०
एकूण : १५९५ रुपये

म्हणजे एका ताटात २६ रुपये ५८ पैशांचा माल. आता वरचे खर्च. १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर आठ वेळच्या स्वयंपाकाला पुरतं. त्याचे १८०० रुपये धरले तर एका वेळचे २२५. एक पोऱ्या आणि पोळ्या करणारी बाई यांचे मिळून महिन्याला १५,०००. महिन्यात जेवणं ६० होतात, म्हणून एका वेळचे २५०. भाडं, वीज, भांडी यांचे महिन्याला ६०००, एका वेळचे १००. सगळं मिळून एका वेळचा खर्च २१७० रुपये. मुलं साठ आणि महिन्यातली जेवणंही साठ, त्यामुळे एका मुलाचा महिन्याचा खर्चही तेवढाच, २१७० रुपये.

आम्ही देत होतो २४००. मुलामागे २३० उरतात, साठ मुलांचे १३,८००. आम्ही खूश! चोर सापडला. प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावायची तयारी झाली.

जी चौकट रिकामी राहिली

त्याच आठवड्यात काकूंना ताप आला. दोन दिवस त्या उठू शकल्या नाहीत. काकांनी बाहेरून स्वयंपाकी आणला, दिवसाचे ४०० रुपये देऊन. आमच्यातला एक जण वहीत ते ८०० रुपये पाहून म्हणाला, "हा खर्च आपल्या शीटमध्ये कुठे आहे?"

कुठेच नव्हता. तिसऱ्या पानावर पोऱ्या होता, पोळ्यांची बाई होती, काका आणि काकू नव्हत्या. पहाटे साडेचारला मेसचा दिवा लागतो आणि रात्री दहाला भांडी घासून विझतो, हे आम्ही रोज बघत होतो. पण त्यांच्या मजुरीची चौकट आम्ही केलीच नव्हती. आणि एक्सेलने एका शब्दाने विचारलं नाही. रिकामी चौकट बेरजेत आली की सॉफ्टवेअर तिला शून्य धरतं. चूक दाखवत नाही, लाल रंग दाखवत नाही. उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत अगदी नीटनेटकं येतं, आणि चुकीचं असतं.

काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माह्या घरचंच काम हाय, त्याचे का पैसे लावाचे?" पण आम्ही लावले. पोऱ्याइतकेच, म्हणजे दोघांचे प्रत्येकी ९०००. एका वेळचे ३०० रुपये वाढले, महिन्याचा खर्च २४७० झाला. म्हणजे ज्याला आम्ही नफा म्हणत होतो ती दोन माणसांची मजुरी होती, आणि तीसुद्धा पूर्ण सुटत नव्हती. मुलामागे ७० रुपये कमीच पडत होते.

प्रिंट नोटीस बोर्डावर लागली नाही.

बादलीचं वजन

मग पूर्ण ३०० ची वाढ मान्य करायची का? इथे आमचीही एक चौकट रिकामी होती. उष्ट्याची. आठवडाभर रोज दोन्ही वेळा उष्ट्याची बादली काट्यावर ठेवली. एका वेळी भात, वरण, भाजी, पोळ्या मिळून ४३ किलोच्या आसपास अन्न शिजतं. बादलीत सरासरी ४.३ किलो निघालं. म्हणजे दहावा हिस्सा! मालाच्या किमतीत मोजलं तर ताटामागे २ रुपये ६६ पैसे, महिन्याला मुलामागे जवळपास १६० रुपये. वाढ मागितली होती ३०० ची, आणि तिच्या निम्म्याहून जास्त आम्ही स्वतःच बादलीत टाकत होतो.

तिसरा मुद्दा गैरहजेरीचा. शनिवारी तिरोडा, आमगाव, देवरीकडची पोरं घरी जातात आणि रविवारी ताटं ३६ वर येतात. माल कमी लागतो हे खरं. पण मजुरी आणि भाडं मिळून एका वेळचे ६५० रुपये तेवढेच राहतात. साठ ताटांवर ते १० रुपये ८३ पैसे पडतात, छत्तीस ताटांवर १८ रुपयांच्या वर. म्हणून आदल्या रात्री वहीत नाव खोडणं हा नुसता शिस्तीचा भाग नाही. काकांचा निदान माल तरी वाचतो.

शेवटी ठरलं ते असं. महिन्याचे २५५० द्यायचे. वाढून घ्यायचं ते थोडं थोडं. जाणाऱ्याने आदल्या रात्री सांगायचं आणि काकांनी त्या अंदाजाने तांदूळ कमी घालायचा. महिनाभरात बादली दोन किलोवर आली. वरचे जे पैसे उरतात ते पावसाळ्यात टमाटर महागले की आणि रविवारच्या तुटीत जातात.

हॉटेलचा भाव कसा ठरतो?

आपल्यापैकी कोणाला पुढे हॉटेल टाकायचं असेल तर थोडं पुढचं. हॉटेलात साधारण नियम असा की मालाचा खर्च विक्रीच्या ३० ते ३५ टक्के असावा. आपलं २६ रुपये ५८ पैशांचं ताट ३३ टक्क्यांनी भागलं तर ८० रुपये येतात. साध्या हॉटेलात त्यावर ५ टक्के जीएसटी. मेसमध्ये जे चाळीसेक रुपयांत होतं ते हॉटेलात ८० ला का? कारण मेसला किती माणसं येणार ते माहीत असतं. हॉटेलला रिकाम्या टेबलाचं भाडं आणि गिऱ्हाईक नसताना उभ्या असलेल्या वेटरचा पगारही ताटातूनच काढावा लागतो.

पण नुसत्या टक्क्यांवरही जाऊ नका. समजा दाल फ्रायला २५ रुपयांचा माल लागतो आणि ती ९० ला विकली, तर माल २८ टक्के, हाती उरले ६५. पनीरच्या भाजीला ७० चा माल आणि विक्री १७० ला, तर माल ४१ टक्के, पण हाती उरले १००. टक्का दालचा चांगला, रुपये पनीरचे जास्त. भाडं रुपयांनीच भरावं लागतं, टक्क्यांनी नाही.

मोठ्या हॉटेलांच्या सॉफ्टवेअरमध्ये हाच हिशेब रोज आपोआप होतो. बिलावर दहा दाल फ्राय गेल्या की कृतीप्रमाणे तेवढी डाळ आणि तेल साठ्यातून वजा होतं. रात्री कोठीत प्रत्यक्ष मोजतात. असायला हवं ते आणि आहे ते, यातला फरक म्हणजे नासाडी, जास्त वाढप किंवा चोरी. यापैकी नेमकं काय, ते सॉफ्टवेअर सांगत नाही. ते माणसालाच जाऊन बघावं लागतं.

करून बघणाऱ्यांसाठी दोन सूचना

एक, किलो आणि ग्रॅम एकत्र मिसळू नका. मीठ ग्रॅममध्ये आणि भाव किलोचा घेतला तर उत्तर हजारपट येतं. दोन, चौकटीत '५० रु.' असं लिहू नका. सॉफ्टवेअर त्याला आकडा न मानता शब्द मानतं आणि बेरजेतून गुपचूप वगळतं. फक्त ५० लिहा.

आणि तिसरी सूचना आमच्याकडून, अनुभवाची. उत्तर आपल्या मनासारखं आलं की जरा थांबा. बेरीज तपासू नका, ती बरोबरच असते. कोणाची चौकट राहिली ते बघा. आमच्या शीटमध्ये आता एक ओळ कायमची आहे, 'काका-काकू मजुरी'. काकू अजूनही म्हणतात ती खोडून टाका म्हणून. आम्ही खोडलेली नाही.