पेढीचा संगणक : कार्डाआधी एसएमपीएस

सात-आठ वर्षांपूर्वी पेढीसाठी घेतलेला डेस्कटॉप संगणक आज पुष्कळ घरांत दुहेरी काम करतो. दिवसा त्यावर बिले, मालसाठ्याच्या नोंदी आणि जीएसटीची विवरणपत्रे. रात्री वास्तुकला शिकणाऱ्या मुलीचे त्रिमितीय आराखडे, नाही तर मुलाचे व्हिडिओ संकलन आणि खेळ. अशा घरात एके दिवशी ग्राफिक्स कार्डाची मागणी येते. किंमत ऐकून वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, दोन दुकानांत घासाघीस होते आणि कार्ड घरी येते. त्या कार्डाला वीज ज्या डब्यातून मिळायची, त्याची आठवण मात्र कोणालाच झालेली नसते.

तो डबा म्हणजे एसएमपीएस. भिंतीतून येणाऱ्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करून तो ती आतल्या भागांना पुरवतो. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात. २०१६ साली आलेले जीटीएक्स १०५० टीआय याच मर्यादेत चालते, म्हणून जुन्या संगणकांना ते मानवते. त्याहून दमदार कार्डे एसएमपीएसकडून वेगळी तार मागतात : सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ वॅट, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. आरटीएक्स ३०६० एकटेच १७० वॅट घेते आणि त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवलेला असतो.

स्वस्त कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’ छापलेले असते. तो आकडा नव्हे, त्याखालचे बारीक कोष्टक वाचावे. १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिले असतील, तर गुणाकार २१६ वॅटच होतो. आणि प्रोसेसर व कार्ड यांची भूक मुख्यतः याच रकान्यातून भागते. व्यापाऱ्याच्या घरात हा गुणाकार कोणाला शिकवावा लागू नये. ‘८० प्लस’ हे चिन्ह उपयोगाचे खरे, पण ते वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगते. एसएमपीएस किती भार पेलेल, हे त्यावरून कळत नाही. काही नामांकित कंपन्यांच्या कार्यालयीन संगणकांत एसएमपीएसचा आकार आणि जोडण्या वेगळ्याच असतात. तेथे बाजारातला सर्वसाधारण एसएमपीएस बसत नाही, म्हणून कॅबिनेट उघडून आतले छायाचित्र दुकानदाराला दाखवणे बरे.

खरा धोका मात्र तारांत आहे. सुट्या तारांचा नवा एसएमपीएस आणला की जुन्याच तारा त्याला लावून वेळ वाचवण्याचा मोह होतो. तारेचे एसएमपीएसकडचे टोक नेमके बसतेही. पण त्या टोकावरील पिनांची मांडणी प्रत्येक निर्मात्याची निराळी असू शकते. पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेले, तर हार्ड डिस्क क्षणात जळते. कार्ड जळाले तर पैसे जातात. डिस्क जळाली तर उधारीची खाती, जुनी बिले, वर्षानुवर्षांचा रोजमेळ, सारेच जाते. म्हणून स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत धरूच नये. तारा तर नव्या एसएमपीएससोबत आलेल्याच वापराव्यात.

यूपीएसचेही तसेच. अनेक पेढ्यांवर असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. नवे कार्ड पूर्ण जोरात चालू असताना वीज गेली, तर तो भार न पेलता तत्काळ बंद पडू शकतो. आराखडे किंवा खेळ चालू असताना मागे हिशेबाची फाइल उघडी न ठेवणे, हा बिनपैशाचा उपाय.

आणि पुष्कळदा कार्डाची गरजच नसते. हिशेबाचे काम अडते ते रॅम अपुरी पडल्याने किंवा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. महागड्या कार्डाने विवरणपत्र एका सेकंदानेही लवकर भरले जात नाही. नेहमीची सगळी कामे उघडी असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास दिसत असेल, तर पैसा आधी तेथे घालावा. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत आणि जोर लावून बसवूही नयेत. एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या, तर वेग अधिक मिळतो.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर होवो वा गावातल्या दुकानात, बिल पक्केच घ्यावे. हमीचा आधार तोच असतो. पेढीच्या कामासाठी घेतलेल्या भागांचे बिल पेढीच्या जीएसटी क्रमांकावर असावे. मुलाच्या खेळासाठी घेतलेल्या कार्डाचे मात्र नसावे, कारण वैयक्तिक वापराच्या वस्तूवर इनपुट क्रेडिट मिळत नाही.

एवढे सारे करूनही पडदा पूर्वीसारखाच अडखळत असेल, तर कॅबिनेटच्या मागे एकदा डोकावावे. मॉनिटरची तार बहुधा अजून मदरबोर्डच्याच जोडणीत असते. ती काढून कार्डाला लावायची राहून गेलेली असते.