ती दिवेवाली बाई रवी वर्म्यांची नव्हे!

हातात समई घेतलेल्या, बोटांआडून उजेड झिरपणाऱ्या बाईचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिलंय. फॉरवर्ड करणारे बिनधास्त राजा रवी वर्म्यांचं नाव ठोकून देतात. चित्र आहे सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. मॉडेल त्यांची मुलगी. आणि माध्यम जलरंग! तैलरंगात उजेड वरून चढवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे मुळात राखून ठेवलेला कागद. एकदा काळोख सांडला की संपलं.

युरोपात हाच छायाप्रकाशाचा खेळ डर्बीच्या जोसेफ राइटने केला. दिव्याभोवती ग्रहमालेचं यंत्र न्याहाळणारी माणसं त्याने १७६६च्या सुमारास रंगवली. आपल्याकडे तेव्हा थोरले माधवराव पेशवे. ते चित्र अर्ल फेरर्स या उमरावाने २१० पौंडांना घेतलं.  पुढे राइटची चित्रं लिलावात फिरली. हळदणकरांची बाई मात्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दसऱ्याला तिकडे गेलात, तर मुख्य राजवाड्याच्या रोषणाईआधी तिला भेटा. आणि पुढचं फॉरवर्ड आलं की नाव दुरुस्त करून पाठवा.