यंत्रमागाचे धारित्र

उधना, पांडेसरा आणि लिंबायत या सुरतेच्या भागांत, जेथे खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत, जेथे घरटी कोणी ना कोणी यंत्रमागावर उभा असतो आणि मुले महानगरपालिकेच्या मराठी शाळांत शिकतात, तेथील विद्यार्थ्यास विद्युत्परिपथाची उदाहरणे रुक्ष वाटावीत, ही मोठ्या खेदाची गोष्ट आहे. कारण त्या उदाहरणांतील धारित्र कारखान्याच्या मीटरशेजारी अहोरात्र राबत असते.

धारित्रे जोडण्याचा नियम रोधांच्या नियमाच्या नेमका उलट असतो, आणि सूत्रांची अदलाबदल होते ती येथेच. 4 आणि 12 मायक्रोफॅरडची दोन धारित्रे समांतर जोडली तर धारिता 16 होते, एकसर जोडली तर अवघी 3. परंतु हे पाठ करण्याचे कारण नाही. दोहोंना समान काय आहे, एवढाच प्रश्न आधी विचारावा. समांतर जोडणीत विभवांतर समान, सबब प्रभारांची बेरीज करावयाची. एकसर जोडणीत, आरंभी दोन्ही रिकामी असतील तर, प्रभार समान, सबब विभवांतरांची बेरीज. ही एकसर जोडी 12 व्होल्टच्या बॅटरीस लावली की प्रत्येकावर 36 मायक्रोकूलोम प्रभार साचतो आणि लहान धारित्राच्या वाट्यास 9, तर मोठ्याच्या वाट्यास 3 व्होल्ट येतात. गुस्ताव किरखोफने 1845 साली, विद्यार्थिदशेतच, मांडलेले दोन नियम म्हणजे परिपथाचा काटेकोर जमाखर्च होत: संधीत जेवढी धारा येते तेवढीच बाहेर पडते, आणि बंद वाटेने फिरून मूळ स्थानी आल्यावर विभवाची बाकी शून्य उरते. उत्तर याच हिशेबाने पडताळावे. 9 आणि 3 मिळून 12 झाले, म्हणजे मामला चोख.

आता यंत्रमागाकडे वळू. त्याची मोटर चुंबकक्षेत्र उभारण्यासाठी प्रत्येक आवर्तनात काही ऊर्जा उसनी घेते आणि परत करते; या ऊर्जेने कापडाचा एक धागाही विणला जात नाही, परंतु तिची ये-जा थेट वीज कंपनीच्या तारांतून चालते व तारा तापतात. मोटरीस समांतर जोडलेले धारित्र ही देवघेव जागच्या जागी भागवते. 7.5 किलोवॉट घेणाऱ्या मागांचा शक्तिगुणक, म्हणजे एकूण शक्तीपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, 0.7 असेल आणि तो 0.95 वर न्यावयाचा असेल, तर सुमारे 5.2 किलोव्हारची (किलोव्हार हे या उसन्या देवघेवीचे माप) धारित्रे पुरतात. धारा 26 टक्क्यांनी घटते, आणि तारेतील उष्णता धारेच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे तिचा अपव्यय जवळजवळ निम्म्यावर येतो. शालेय त्रिकोणमितीपलीकडे या गणितास काहीही लागत नाही.

एक सावधगिरी मात्र शिकवलीच पाहिजे. वीज बंद केल्यावरही धारित्र प्रभार धरून ठेवते, म्हणून त्यास एक विसर्जक रोध जोडलेला असतो. 10 मायक्रोफॅरड आणि 10 लक्ष ओहम यांचा गुणाकार 10 सेकंद येतो. दर 10 सेकंदांनी विभवांतर पूर्वीच्या सुमारे 37 टक्के उरते आणि 50 सेकंदांत एका टक्क्याखाली जाते. हा रोध तुटला असेल, तर बंद यंत्रही प्राणघातक धक्का देऊ शकते.

तेव्हा पालकांनी मुलांस मीटरशेजारची धारित्रांची पेटी झाकण न उघडता, बाहेरूनच दाखवावी, पाटीवरील आकडे वहीत उतरवून घ्यावयास सांगावे, आणि शिक्षकांनी पुढची उदाहरणे त्याच आकड्यांवर घालावीत.